बुटात निघालेला नट

मी, खाली सही करणार, फौजेतला निवृत्त मोटार-मेकॅनिक, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवीत आहे. बुद्धी शाबूत आहे. पाय शाबूत नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत, असे वकिलांनीच सांगितले.

१. राहते घर पत्नीस. तिच्या हयातीत मुलांनी ते विकायला काढू नये. कारणही लिहितो. भरतीच्या वेळी मी ठणठणीत होतो. मधुमेह जडला तो नोकरीत. निवृत्तीनंतर गॅरेजात लागलो. एकदा साखर उतरून गाडीखालीच बेशुद्ध पडलो, तेव्हा मालकाने हात जोडून कामावरून कमी केले. पुढे पावलांची जाणीव गेली. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज केला, तर उत्तर आले की आजाराचा नोकरीशी संबंध नाही आणि हलकी कामे तुम्हाला जमतील. मी कागद माळ्यावर टाकले. पत्नीने ते उतरवले. तिने अपील केले, ते फेटाळले गेले. तिने त्याच्याही वर अपील केले.

सुनावणीत वैद्यकीय मंडळाच्या डॉक्टरांनी विचारले, पहारेकऱ्याची नोकरी का धरत नाही? पत्नीला माझ्या बुटाच्या शिवणीपाशी ओल दिसली होती. ती हळूच म्हणाली, "बूट काढा."

मोजा रक्ताने भिजला होता आणि आत एक नट होता, माझ्याच पेटीतून सांडलेला. डॉक्टरांनी विचारले, हा कधीपासून टोचतोय?

"टोचत नाही, साहेब," मी म्हणालो. "टोचला असता तर इथे आलोच नसतो."

निकाल आमच्या बाजूने लागला.

२. हत्यारांची पेटी मुलीस. मुलाला पाना कुठल्या बाजूने धरतात ते कळत नाही, हे तोही हसत मान्य करतो. त्यास स्कूटर. मात्र तिची दुरुस्ती बहिणीकडूनच करून घ्यावी.

३. माझ्या बहिणीचे यजमान चारचौघांत सांगत, की याला काही झालेले नाही, हा पक्का नट आहे. त्यांस बुटात निघालेला तो नट द्यावा. धुऊन द्यावा.

४. बँकेतली शिल्लक पत्नीची. त्यातून पुढच्या खोलीचा खर्च चालावा. तिथे हल्ली माझ्यासारखे फौजी अपिलाचे कागद घेऊन येतात. त्यांच्या बायका म्हणतात, वहिनी, हे तर हात टेकून बसलेत. पत्नी आधी पाणी देते, मग विचारते, अपिलाची मुदत कधी संपते? ही खोली बंद करू नये. तिथला बाकही हलवू नये. पाय दुखणाऱ्यांना उभे ठेवणे बरे नव्हे.

५. देह वैद्यकीय महाविद्यालयास द्यावा. विद्यार्थ्यांनी पावले नीट बघावीत. उद्या त्यांच्यातलाच कुणी मंडळावर बसेल.

६. पत्नीला साक्षीदार व्हायचे होते. जिला मालमत्ता मिळते तिची साक्ष चालत नाही, असे वकिलांनी समजावले. ती म्हणाली, "मग घर नको मला. सही करू द्या." वकील माझ्याकडे बघू लागले. मी कलम पहिले तसेच ठेवले आहे.

वाचून, समजून, शुद्धीत सही केली.

लिहून देणार : निवृत्त मेकॅनिक (सही)
साक्षीदार : शेजारचे दंतवैद्य (सही)
साक्षीदार : कोपऱ्यावरचे शिंपीकाका (सही)
स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : पाच मार्च, सकाळी, इन्सुलिन आणि न्याहारी झाल्यावर