शेअरच्या भावाचं यंत्र परत दिलं

अहो,

स्वरालीचा ताप उतरंना, म्हणून साडेचारच्या एसटीनं तिला बारामतीला दवाखान्यात नेतेय. दुपारी सांगितलं तर टीव्हीवरची नजर न काढता तुमी म्हणालात, "थांब, भाव हलतोय."

तुमी मळ्यात गेल्यावर टीव्हीला जोडलेल्या, शेअरचे चालू भाव दाखवायच्या यंत्राचा माणूस महिन्याचे पैसे मागायला आला. मी इचारलं, "दोनच कंपन्यांचे शेअर घेतलेल्या नवख्याला हे लागतं का?" तो खाली बघत म्हणाला, "वहिनी, त्याला पेपरातला भाव पुरतो." मी यंत्र त्याच्याच हाती परत दिलं.

तुमाला न इचारता दिलं. राग आला तर येऊ द्या, पण आधी दवाखान्यात या. ती तापात "पप्पा कुठं" इचारती, आणि मला आता खोटं सांगवत न्हाय.

अनिता