एका गाऱ्हाण्यात गेलेली खुर्ची

तीर्थस्वरूप चंद्रावती आक्का हिच्या पायांवर धाकट्या गुणाजीचं डोकं.

आम्ही इथे तसे बरे आहोत. तू साखर तपासून घेतलीस का? वालावलला खाडीच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे एकटी उतरू नकोस. (मागच्या पत्रातही हेच लिहिलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस, म्हणजे उतरतेस.) हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मी दोन शब्द बोलतो न बोलतो तोच तुझी भावजय सुगंधा हातातला फोन काढून घेते आणि तुझ्याशी आमसुलांबद्दल बोलत बसते.

मी ग्रामपंचायतीची जागा सोडली हे तुझ्या कानावर आलंच असेल. तीस वर्षं, सहा निवडणुका. चौथी शिकलेल्या माणसाला वाडीने एवढं सांभाळलं. पण जागा कशी सुटली ते माझ्याकडूनच ऐक, कारण गावात जी गोष्ट सांगतात ती फार मोठ्या मनाची आहे आणि खरी नाही.

दर निवडणुकीत अर्ज भरायच्या आधी सातेरीच्या देवळात माझ्या नावाने गाऱ्हाणं होतं, गुरव सगळ्यांच्या वतीने देवीकडे माझ्यासाठी मागणं मागतो, हे तुला ठाऊक आहे. या वेळी माझ्या डोक्यात भलतंच आलं. सहा वेळा आपण हात जोडले, एकदा लोकांनी जोडावेत. म्हणून बाबू गुरवाला म्हटलं, गाऱ्हाण्यात एवढंच घाल की गुणाजी आता थकला, त्याला जागा सोडावीशी वाटते. आणि शिवाला (माझा लहानपणापासूनचा सोबती, त्याच्या गोठ्यापर्यंतचा रस्ता मीच करून दिला) आधीच शिकवून ठेवलं की बाबू थांबला की तू ओरड, ‘नाय, नाय, माका गुणाजीच होयो!’ मग बाकीचे ओरडतील, मी थोडा नाही-नाही म्हणेन, डोळे पुसेन आणि अर्ज भरायला जाईन. अर्ज खिशातच होता.

पण आक्का, गाऱ्हाण्याची सवय कशी असते ते मी विसरलो. बाबूने नारळ हातात धरला, डोळे मिटले आणि सूर लावला, ‘बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो गुणाजी आता थकलो हा, तेका खुर्ची सोडूची इच्छा झाली हा, ती तू पुरी कर रे म्हाराजा!’ आणि सगळं देऊळ एका तोंडाने म्हणालं, ‘व्हय म्हाराजा!’ शिवा सर्वांत मोठ्याने. (त्याला नंतर विचारलं तर म्हणतो, ‘अरे, गाऱ्हाण्यात नाय कसा म्हणतले?’) आणि खरं सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, मीसुद्धा म्हणालो. साठ वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडलं.

बाबूला मग चेव आला. ‘तेच्या जाग्यार गंगारामाची सून भक्ती उभी रवता हा, तिका यश दी रे म्हाराजा!’ पुन्हा ‘व्हय म्हाराजा!’ नारळ फुटला. देवासमोर बोललेला शब्द मागे कोण घेणार? गंगाराम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘गुणाजी, तुझा मन समुद्रासारख्या!’ सुगंधा घरी येऊन म्हणाली, ‘देवान तुमचा आयकल्यान, आता कित्याक तोंड पाडून बसल्यात?’

भक्ती वाईट नाही गं, हेच तर दुःख आहे. कणकवलीला कॉलेज केलेली पोर. तिने मोबाईलवर वाडीचा ग्रुप केलाय. दिवा गेला की लोक खांबाचा फोटो टाकतात आणि संध्याकाळपर्यंत दिवा लागतो. मला एका दिव्यासाठी ओरोसच्या कचेरीत तीन खेपा लागायच्या, पण त्या तीन खेपांत माणसं माझ्याकडे सहा वेळा येऊन जायची. पडवीत बसायची, पाणी प्यायची, मला चार शब्द ऐकवायची. परवा एक बाई फाटकातून आत आली. मी घाईघाईने शर्ट चढवला. ती तिची कोंबडी शोधत होती.

भावोजींना साष्टांग नमस्कार. औषधं जेवणानंतरची जेवणानंतरच घे.

तुझा,
गुणाजी

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. माहेरवाशिणीचा शब्द आई सातेरी मोडत नाही असं आपली आई म्हणायची. तू शुक्रवारी सकाळच्या गाडीने ये, देवीची ओटी भर आणि सांग की गुणाजीचं ते बोलणं मनापासून नव्हतं. अर्जाची मुदत दुपारी तीनपर्यंत आहे.

ता. क. दुसरा. आज शनिवार. मंगळवारपासून रोज हे पत्र घेऊन पोस्टाच्या पेटीपर्यंत जातो आणि परत येतो, टाकायला हात होत नाही. मुदत गेली. काल तीन वाजेपर्यंत मी देवळाच्या पायरीवर बसून होतो, आत गेलो नाही. देवीला आता काही सांगू नकोस. पण तू ये. येताना काहीतरी तक्रार घेऊन ये, तुझ्या वाडीतल्या नळाची, नाहीतर कसलीही. लेखी असली तर बरं. वर ‘माननीय सदस्य’ घालू नकोस, नुसतं ‘गुणाजीस’ लिही. नऊ ते अकरा मी बसलेलाच असतो.