मशीन कुलपात

शुक्रवार, संध्याकाळ

आज शाळेत सराव होता. खेळताना कोणाचं हृदय अचानक बंद पडलं तर काय करायचं, त्याचा. पेशंट मीच, पीटीची मॅडम. मैदानात आडवी झाली. झटका देणारं मशीन मात्र कपाटात, कपाटाले कुलूप अन् चाबी हेडसरांच्या खिशात. सर लाखांदूरले मीटिंगले! नववीतली वैशाली घड्याळ पाहून म्हणाली, "मॅडम, तुम्ही मेल्या."

सगळे हसले, मीही हसली. वैशाली नाही. तिचा भाऊ मागच्या वर्षी कबड्डी खेळतानाच गेला. मी विसरली कशी?

सर आल्यावर म्हणाले, "कुलूप नाही लावलं अन् मशीन चोरीले गेलं तं?"

"दुसरं आणता येते, सर," वैशाली म्हणाली.

सरांनी स्वतःच व्हरांड्यात खिळा ठोकला अन् मशीन तिथं उघड्यावर टांगलं.