मामीच्या चहातली साखर

रविवार, संध्याकाळ. मंचर.

डिंभ्याहून आत्ता आले. डोकं अजून तापलेलंच आहे.

मामीच्या गालात कॅन्सरची गाठ. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, वजन उतरू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि मामांनी तिची साखर बंद केलीय! चहातली साखर, गूळ, केळंसुद्धा.

"मोबाईलवर दाखवत्यात, गाठ साखरेवर जगती. आता उपाशी मरंल बघ."

हे मला सांगतात. मी लॅबमध्ये दिवसभर कॅन्सरच्या पेशींशिवाय दुसरं काय बघते? या पेशींमध्ये हेक्सोकायनेज नावाचं एन्झाइम वाढलेलं असतं. आत आलेली साखर ते अडकवून ठेवतं. चहातली साखर तोडली तरी शरीर स्वतःचं मांस मोडून साखर बनवतं आणि गाठ आपला वाटा घेतेच. उपाशी मरते ती मामी. सगळं समजावलं. मामा तंबाखू मळत ऐकत होते.

"तू शिकलेली, पण आमाला बी कळतंय की."

आणि चुलीजवळ तव्यावर मामीची दातांना लावायची, तंबाखू भाजून केलेली ताजी मिश्री! जिनं तिचं तोंड नासवलं, ती चालू. "लई वर्सांची सवय, ती कशी सुटंल?" हेही मामाच.

पाहुणी म्हणून मला गोड चहा, तिला बिनसाखरेचा. तिची नजर माझ्या कपावर. मी कप तिच्यापुढे सरकवला. तिनं उचलला, जरा वेळ नाकाशी धरला, आणि मामांपुढे ठेवला.

"तुमी घ्या. गार व्हईल."

त्यांनी तंबाखूचा हात पायजम्याला पुसला, चहा बशीत ओतला आणि सगळा संपवला.