शाळेची खिडकी

भुजंग भावजींस, वहिनीचा आशीर्वाद.

गोदावरी चढली तशी गावानं आम्हाला शाळेत आणून ठेवलं. तुमचे भाऊ बरे आहेत. म्हैस वाचली, कोंबड्या गेल्या. फोनवर सांगता येत नाही म्हणून लिहिते आहे. धाडणार नाही.

ही तीच खोली आहे. करोनात तुम्ही पुण्याहून चालत आलात, तेव्हा तुम्हाला चौदा दिवस इथंच ठेवलं होतं. पाचव्या दिवशी मी कोतवालाजवळ निरोप दिला, की आम्ही शेतातल्या आखाड्यावर राहायला गेलोत, घराला कुलूप आहे, जेवणाचं दुसरीकडं बघा. आम्ही कुठंच गेलो नव्हतो. लेकरू तान्हं होतं. तुमच्या ताटाला हात लावायचं मला लई भ्या वाटायचं. त्या दिवसांत मी अंगणात बाजेवर शेवया वाळवत होते.

सुटल्यावर तुम्ही घरी आलात, शेवयाच खाल्ल्या, आखाड्याचं विचारलं नाहीत. मला वाटलं, पचलं.

आज सकाळी इथली खिडकी उघडली. समोर आपलंच घर. दाराच्या कडीपर्यंत पाणी.

तेवढ्यात तुमचा फोन आला. "वहिनी, तिसऱ्या खोलीत हाईत का? मंग खिडकीतून बघा की. आपलं अंगण दिसतं. कोण काय करून राहिलं, समदं दिसतं."

आवाजात राग नव्हता. मी खिडकीतच उभी होते.

"न्हाई भावजी," मी म्हटलं, "इथून काहीच दिसत न्हाई."

तुमची वहिनी,
कुशावर्ता