सतराव्या दिवसाचं पान

३ जून

चि. टकळीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून खाली ठेवलं आणि कानात आधी तुझ्या आईचं शिलाई मशीन सुरू झालं. तू पाळण्यात असताना त्या खडखडाटात गाढ झोपायचीस. मशीन थांबलं की दचकून उठायचीस. सगळ्यांची पोरं आवाजानं उठतात, आमची आवाज थांबल्यानं, असं ती म्हणायची. असो. म्हातारा भरकटतो.

तुमच्या अतिदक्षता विभागातली वहीची पद्धत मला फार आवडली होती. औषधानं झोपवलेला पेशंट जागा झाला की मधले दिवस कुठे गेले ते त्याला कळावं, म्हणून तुम्ही नर्सेस रोज त्यालाच उद्देशून चार ओळी लिहिता. चार नंबरच्या बेडवरच्या सुतारांना तू लिहिलं होतंस, आज तुमची दाढी केली, मिशीला हात लावला नाही. वाचून हसलो होतो.

आता तेच गेले. आणि सतराव्या दिवसाच्या पानावर तू सगळं लिहून बसलीस. मॉनिटर सारखा कोकलत होता, त्यांना घटकाभर स्वस्थता मिळावी म्हणून ऑक्सिजनच्या अलार्मची मर्यादा तू खाली आणलीस. तेवढ्यात शेजारच्या बेडकडे धावलीस, मर्यादा परत वर करायची राहिली, आणि श्वासाच्या नळीत कफ अडकलेला सहा मिनिटं कुणाला कळला नाही. त्या दिवशी सावरले, तिसऱ्या दिवशी गेले. डॉक्टरांना तू तेव्हाच सांगितलंस. ते म्हणाले, फुप्फुसं तशीही संपलीच होती. मोठ्या सिस्टर म्हणतात, वही त्यांच्या बायकोला देण्याआधी ते पान काढ. आणि तू मला विचारतेस.

चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि भाचीला सांगतो काय, तर पान फाड. त्या बाईला नवरा परत मिळणार नाही. तुझी नोकरी मात्र जाईल.

जेवत जा. लोभ आहेच, तो मागायची वेळ येऊ नये.
तुझा मामा

७ जून

चि. टकळीस,
आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय, कारण घास उतरत नाही. चौथीला मी एक कविता शिकवायचो, पाच कडव्यांची. एका वर्षी वर्गात एक मुलगी होती, तिची आई नुकतीच गेलेली, आणि तिसऱ्या कडव्यात आई जाते. मी ते कडवं गाळलं. चाल न मोडता दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर गेलो आणि स्वतःवर खूश झालो. दुसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन टेबलापाशी आली. म्हणाली, गुरुजी, माझं कडवं तेवढं राहिलं.

पान फाडू नकोस.
मामा

१० जून

ती. मामांस,
सा. न.

तुमचं दुसरं पत्र आज मिळालं. पहिलं परवाच आलं होतं, आणि मी पडले ऐकणारी भाची. पान काढलं, काल वही दिली. सुतारबाई वॉर्डाच्या दारात उभ्याच होत्या, पिशवीत नवऱ्याचा चष्मा आणि चपला. मला म्हणाल्या, तुम्हीच ना यांची मिशी राखलीत. मी वही त्यांच्या हातात ठेवली. मोठ्या सिस्टरांनी पाठ थोपटली, ती अजून दुखतेय.

तुम्ही दोष घेऊ नका. तुम्ही नाही म्हणाला असतात तरी मी फाडलंच असतं. तुम्हाला विचारलं ते सोबतीला कुणी असावं म्हणून. कामावर आता प्रत्येक बेडचे आकडे तीनतीनदा बघते. बाकीच्या हसतात, मग हसणं मध्येच थांबवतात. पान जाळायला हात धजला नाही. या पाकिटातून ते तुमच्याकडेच पाठवत होते, तुम्ही तरी जपून ठेवाल म्हणून.

बेल वाजली. खिडकीतून दिसतंय, सुतारबाईच आहेत. माझा पत्ता कुणी दिला कोण जाणे. वही मिटलेली आहे, पण मध्येच कुठेतरी बोट घालून ठेवलंय.

मामा, पान पाकिटातून परत काढलंय. दार उघडते.
तुमची टकळी