पहिला रकाना

दि. ६

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्रास कारण तुझेच प्रताप. शाळांच्या पाहणीतले निष्काळजीपणे भरलेले कागद बाजूला काढायचे, हे माझं काम. काल तुझ्या आठवीचा गठ्ठा आला. एक्केचाळीस मुली आणि सगळ्या खुणा पहिल्याच रकान्यात. शाळा आवडते? कधीच नाही. शाळा नकोशी वाटते? तेही कधीच नाही. मी हसतच गठ्ठा रद्द केला.

पण एका कागदावर खाडाखोड होती. त्या मुलीने आधी मनापासून भरलं होतं, मग पुसून सगळं पहिल्या रकान्यात आणलं होतं. 'घरी जायची भीती वाटते का?' यापुढची पुसलेली खूण 'रोज'खाली होती. दादा, तू वर्गात काही सांगितलं होतंस का?

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
बारकी

दि. ११

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. होय, मीच तो शहाणा. पाहणीने माझा भूमितीचा तास खाल्ला, म्हणून म्हटलं, पहिल्या रकान्यात खुणा करा आणि वह्या काढा. असल्या कागदांनी कुणाचं भलं झालंय, असंही वर म्हणालो. पोरी हसल्या. तीही हसली असेल का, हे डोक्यातून जात नाही. तुझी वहिनी दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

कसंही करून तो कागद कुणाचा ते शोध. एवढा लोभ कर.

तुझा,
दादा

दि. १७

ती. दादास,

सा. न. वि. वि. काही हाती लागलं नाही. मुलींनी मोकळेपणाने लिहावं म्हणून कागदावर नाव नसतं. साहेब म्हणाले, खोडलेलं उत्तर हे उत्तर नव्हे. वर माझ्या बारकाईचं कौतुक केलं. गठ्ठा केव्हाच लगद्याला गेला. मी नियमाने वागले, तरी मन खातं. आता तूच विचार मुलींना, न रागावता.

लोभ असावा, आज जरा जास्तच.

तुझी,
बारकी

दि. २५

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. तेच प्रश्न फळ्यावर लिहिले, माझं चुकलं म्हणून सांगितलं, नावाशिवाय लिहा म्हटलं, अख्खा तास दिला. पोरींनी विचार करून लिहिलं. माझी भूमिती डोक्यावरून जाते, असं सव्वीस जणींचं मत पडलं, तेव्हा खरंच लिहिलं म्हणायचं. घरच्या भीतीपुढे मात्र एक्केचाळीस वेळा 'कधीच नाही'. कागद उजेडाला धरून पाहिले. कुठेही खाडाखोड नाही.

तिने एकदा सांगून पाहिलं होतं, बारके, आणि मीच तिला ते पुसायला लावलं. आता ती हजेरीला 'हजर' म्हणते, शाळा सुटली की दप्तर उचलते आणि चाळीस जणींबरोबर माझ्यासमोरून घरी जाते. मी दारात नुसता उभा असतो.

लोभ ठेवशीलच, पण मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझा,
दादा